टू-टोन (स्का पुनरुज्जीवन)

टू-टोन ही १९७०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे उदयास आलेली संगीत चळवळ होय. जमैकात जन्मलेल्या स्का संगीताची लय व ब्रिटिश पंक रॉकचा आवेश यांचा तीत मिलाफ आढळतो. 'द स्पेशल्स'चे जेरी डॅमर्स यांनी १९७९ मध्ये स्थापन केलेल्या टू टोन रेकॉर्ड्स या ध्वनिमुद्रण संस्थेवरून तिला हे नाव मिळाले. नॅशनल फ्रंट या पक्षाच्या वर्णद्वेषी प्रचाराच्या काळात 'द स्पेशल्स', 'द सिलेक्टर' आदी वाद्यवृंदांत कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय कलावंत एकत्र वाजवीत. संस्थेच्या काळ्या-पांढऱ्या चौकटी या ऐक्याच्या द्योतक ठरल्या. बेरोजगारी व शहरांची अवकळा यांवरील 'घोस्ट टाउन' हे गीत जुलै १९८१ मध्ये, अनेक शहरांत दंगली उसळल्या असताना, ब्रिटनमधील विक्रीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्याच वर्षी 'द स्पेशल्स'मध्ये फूट पडली.