बी. ए. झालेला इंजिनिअर

परवा फराळाला भाचा आला होता. यंदाच त्याने इंजिनिअरिंगला नाव घातले आहे. चकली मोडता मोडता तो कुरकुरला, "मामा, आम्ही पूल बांधायचे की निबंध लिहायचे? अर्थशास्त्र, समाजशास्त्र हे पेपर आमच्या गळ्यात कशाला?"

मी पडलो मॅट्रिक. शाळेत मुलांना शिकवतो, कादंबऱ्या लिहितो. पुलाच्या गणितात मी त्याला काय सांगणार? पण त्याच्या या कुरकुरीलाही एक इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा आपल्या पुण्याचाच आहे.

पुण्यात १८५४ साली इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला, तो सरकारच्या बांधकाम खात्याला हाताखालची माणसे हवी होती म्हणून. जमीन मोजावी, नकाशा वाचावा, सांगितलेले काम चोख करावे, एवढे आले की झाले. कालवा कोणत्या गावाला न्यायचा आणि कोणत्या गावाला वगळायचे, हे ठरवणारे साहेब निराळे. हुकूम पाळणाऱ्याला इतिहास आणि अर्थशास्त्र हवे कशाला? मला वाटते, आमच्या भाच्याच्या तोंडून तो जुना काळच बोलत होता.

पुढे हीच संस्था कॉलेज ऑफ सायन्स झाली आणि तिथे म्हैसूरकडचा एक मुलगा आला. शिकवण्या करून पोट भरीत त्याने १८८१ साली बंगळूरला बी. ए. केले होते. पुण्यात तो १८८३ साली इंजिनिअर झाला. तेच मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी बसवलेले आपोआप उघडणारे दरवाजे सर्वांना ठाऊक असतात. मला त्यांचे दुसरे काम अधिक मोलाचे वाटते. कालव्याचे पाणी मूठभर बागाइतदारांच्या उसातच मुरू नये, आळीपाळीने पिके घेऊन ते अधिक गावांना पुरावे, म्हणून त्यांनी वाटपाची एक पद्धत बसवली. दरवाजा पाण्याच्या दाबाने उघडतो. माणसांचे तसे नसते. त्यांना पटवावे लागते. ही विद्या पुस्तकी बी. ए.नेच दिली असे मी म्हणणार नाही, पण गणिताने ती दिली नाही हे नक्की.

दुसरा माणूस आपल्या पारनेरचा, पांडुरंग महादेव बापट. डेक्कन कॉलेजातून पदवी घेऊन शिष्यवृत्तीवर हेही इंजिनिअरिंग शिकायला एडिंबरोला गेले. पारतंत्र्याविरुद्ध बोलले आणि शिष्यवृत्तीला मुकले. १९२१ साली मुळशीला धरण होऊ लागले. मुंबईला वीज मिळणार होती आणि मावळ्यांची भातशेते बुडणार होती. त्या शेतकऱ्यांच्या बाजूने बापट उभे राहिले, तुरुंगात गेले आणि सेनापती झाले. धरण व्हायचे ते झालेच. पण भिंत किती उंच, या प्रश्नाबरोबर पाण्याखाली कोण, हाही प्रश्न असतो, हे त्यांनी महाराष्ट्राला शिकवले.

साता समुद्रापलीकडेही हा प्रश्न सुटलेला नव्हता. अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेने महायुद्धात रडारच्या संशोधनाचे प्रचंड काम केले. युद्ध संपले, तोवर अणुबाँबही पडून गेला होता. १९४७ साली तिथे वॉरेन लुईस यांची समिती नेमली गेली. लुईस स्वतः रसायन-इंजिनिअर. त्यांच्या समितीने १९४९ साली मानव्यविद्यांना इंजिनिअरच्या शिक्षणात मानाची जागा मागितली, आणि पुढच्याच वर्षी त्या विषयांची स्वतंत्र शाखा उभी राहिली.

आपल्याकडे पहिली आय. आय. टी. १९५१ साली खरगपूरला निघाली, ती हिजलीच्या जुन्या बंदिवासात. तिथे १९३१ साली गोळीबारात दोन राजबंदी मारले गेले होते. त्या भिंतींची लांबीरुंदी टेप लावून मोजता येईल. त्या कसल्या भिंती आहेत हे कळायला मात्र इतिहासच लागतो.

एवढे सांगून मी थांबलो. भाचा म्हणाला, "मग काय मामा, धरणे बांधूच नयेत?"

माझी आजी धरणात गेलेल्या एका गावची. ती कधी 'धरण' म्हणाली नाही, नुसते 'पाणी' म्हणायची. उन्हाळ्यात पाणी उतरले की तिच्या माहेरच्या देवळाचा कळस दिसतो म्हणे, पण बघायला ती कधी गेली नाही. त्याच पाण्यावर आज खालची गावे पिकतात, आणि मीही त्यांतल्याच धान्यावर वाढलो. मी भाच्याला काय सांगावे?

"बांधावीत," मी म्हणालो, "पण तुझ्या पणजीचे गाव नकाशात कुठे होते, तेवढे आधी शोधून ठेव."

त्याने हातातली चकली ताटात ठेवली आणि विचारले, "गावाचं नाव काय होतं?"