डॉल्फिनची बोली आणि पाण्याचा इतिहास

१/१५
दर बारा कोसांवर भाषा बदलते, असे आपल्याकडे म्हणतात. डोंगर, नद्या, बाजारपेठा आणि सोयरिकी यांनी माणसाच्या बोली घडवल्या. पाण्याखालीही काहीसे असेच घडते, हे कळायला मात्र विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. डॉल्फिनच्या आवाजात त्याचा प्रदेश, त्याचे कुळ आणि त्याच्या पाण्यावर आलेले संकट, या तिन्हींची नोंद असते. ती नोंद वाचायला माणूस कसा शिकला, त्याचा हा इतिहास.

२/१५
इ.स.पू. चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने प्राण्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले, की पाण्याबाहेर काढलेला डॉल्फिन चीत्कारतो आणि कण्हतो. त्याला फुप्फुसे आणि श्वासनलिका असल्यामुळे हे शक्य होते, असे कारणही त्याने दिले. निरीक्षण अचूक होते; परंतु ते हवेतले होते. डॉल्फिन पाण्यात काय बोलतो, हे ऐकण्याचे साधन त्यानंतर दोन हजारांहून अधिक वर्षे माणसापाशी नव्हते.

३/१५
ते साधन युद्धाने दिले. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा आवाज टिपणारे यंत्र, विकसित झाले. पाण्यात प्रकाश थोड्याच अंतरात मंदावतो. ध्वनी मात्र सेकंदाला सुमारे १,५०० मीटर, म्हणजे हवेतल्या वेगाच्या चौपटीहून अधिक वेगाने धावतो. पाणबुडी शोधणाऱ्या नौदलांना जे कळले, ते डॉल्फिनच्या पूर्वजांनी लक्षावधी वर्षांपूर्वीच आत्मसात केले होते.

४/१५
१९४९ मध्ये विल्यम शेव्हिल आणि बार्बरा लॉरेन्स यांनी कॅनडातील क्वेबेक प्रांतातल्या सॅगने नदीत हायड्रोफोन सोडून केलेल्या श्रवणाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. ऐकले होते ते बेलुगांना. पांढरा देवमासा म्हणून ओळखला जाणारा हा प्राणी डॉल्फिनचा दूरचा आप्त. खलाशी त्याला ‘समुद्रातला कॅनरी पक्षी’ म्हणत. जहाजाच्या लाकडातून झिरपणारा तो किलबिलाट आता शास्त्राच्या दप्तरी दाखल झाला.

५/१५
पुढील संशोधनातून डॉल्फिनच्या आवाजांचे दोन मुख्य प्रकार स्पष्ट झाले. पहिला, अतिशय आखूड आणि तीव्र ‘क्लिक’: त्यांचा प्रतिध्वनी ऐकून प्राणी वाट आणि भक्ष्य शोधतो. दुसरा, शिट्ट्या: त्या परस्परांशी संपर्कासाठी. १९६५ मध्ये मेल्बा आणि डेव्हिड कॉल्डवेल या दांपत्याने दाखवून दिले, की बॉटलनोज जातीतील प्रत्येक डॉल्फिनची एक स्वतःची शिट्टी असते. तिला ‘स्वाक्षरी शिट्टी’ हे नाव मिळाले.

६/१५
प्रत्येकाचा आवाज वेगळा, हे कळले. पण प्रत्येक पाण्याचा आवाज वेगळा असतो का? याचे सर्वांत ठळक उत्तर गंगेत मिळते. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांच्या यादीत ‘गंगापुपुटक’ हे नाव येते. अनेक अभ्यासक ते गंगेतील डॉल्फिनचे मानतात. उत्तर भारतात त्याला ‘सूंस’ म्हणतात. श्वास घेण्यासाठी वर येताना होणारा फुत्कार त्या नावात उतरला आहे.

७/१५
१८०१ मध्ये विल्यम रॉक्सबर्ग यांनी या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन केले. गाळाने भरलेल्या पाण्यात राहून त्याचे डोळे टाचणीच्या छिद्राएवढे उरले आहेत आणि त्यांत भिंगच नाही. १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मत्स्यालयातील सिंधू नदीच्या डॉल्फिनवरचा निबंध प्रसिद्ध झाला. हा प्राणी कुशीवर पोहतो आणि जवळजवळ अखंड आवाज करत राहतो, असे त्यात आढळले. आंधळ्याने काठी टेकत चालावे, तसा तो ध्वनी टेकत चालतो.

८/१५
२०१३ मध्ये बांगलादेशातील सुंदरबनमधल्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट उघड केली. खुल्या समुद्रातल्या बॉटलनोज डॉल्फिनच्या क्लिकचा मुख्य जोर बहुधा १०० किलोहर्ट्झच्या वर असतो. गंगेतील डॉल्फिनचा सुमारे ६१ किलोहर्ट्झवर. शिवाय त्याचा आवाज बराच हळू असतो. उथळ, वळणावळणाच्या नदीत मोठ्याने ओरडले तर तळ, काठ आणि पृष्ठभाग यांवरून प्रतिध्वनींचा कल्लोळ माजतो. म्हणून नदीने या प्राण्याला हलक्या आवाजात बोलायला शिकवले.

९/१५
परंतु ही तर वेगळीच जात. एकाच जातीत, केवळ स्थळ बदलल्याने आवाज बदलतो का? २००५ मध्ये जपानच्या तीन ठिकाणच्या, एकाच जातीच्या डॉल्फिनची तुलना प्रसिद्ध झाली. मिकुरा आणि ओगासावारा ही बेटे तुलनेने शांत. आमाकुसाचे पाणी अधिक गोंगाटाचे. तिथल्या डॉल्फिनच्या शिट्ट्या खालच्या पट्टीतल्या आणि कमी चढ-उतारांच्या होत्या. भर बाजारात माणूस नाजूक हरकती घेत नाही. साध्या, ठसठशीत स्वरात हाक मारतो, त्यातलाच हा प्रकार.

१०/१५
तरीही बोलीचे सारे श्रेय भूगोलाला देता येत नाही. ऑर्का, म्हणजे डॉल्फिन कुळातला सर्वांत मोठा सदस्य, हे त्याचे उदाहरण. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर जॉन फोर्ड यांनी मासे खाणाऱ्या ऑर्कांच्या १६ कळपांच्या हाका वर्षानुवर्षे नोंदवल्या. १९९१ मध्ये त्यांनी दाखवले, की प्रत्येक कळपाचा स्वतःचा ७ ते १७ हाकांचा संच असतो. पाणी तेच, मासे तेच, बोली मात्र निराळी.

११/१५
कारण इथे बोली आईकडून शिकली जाते. ही पिल्ले आयुष्यभर आईच्या कळपातच राहतात. समान हाका असणाऱ्या कळपांच्या गटांना फोर्ड यांनी ‘कुळ’ म्हटले. उत्तरेकडील समूहाच्या जनुकीय अभ्यासातून पुढे दिसले, की त्यांचे मीलन बहुतेक वेळा निराळ्या बोलीच्या कळपांशी होते. सगोत्र विवाह टाळणाऱ्या समाजाला यात नवल वाटू नये: बोली हेच ऑर्कांचे गोत्र.

१२/१५
या गोत्राने एक जुने कोडे सोडवले. १९६४ च्या जुलैमध्ये व्हँकुव्हर मत्स्यालयाने पाठवलेल्या पथकाने सॅटर्ना बेटाजवळ एका तरुण ऑर्कावर भाला चालवला. त्याला मारून त्याबरहुकूम पुतळा घडवण्याचा बेत होता. तो वाचला, तेव्हा त्याला ओढत व्हँकुव्हरला आणले गेले. मादी समजून त्याचे नाव ‘मोबी डॉल’ ठेवले. तो नर निघाला. ऑक्टोबरमध्ये तो मरण पावला. त्याआधी त्याच्या हाका फितीवर उतरल्या होत्या.

१३/१५
पुढे फोर्ड यांनी त्या फिती ऐकल्या आणि हाका ओळखल्या: मोबी डॉल ‘जे’ कळपाचा होता. शिलालेखाच्या लिपीवरून त्याचा काळ आणि प्रदेश ठरवावा, तसे आवाजावरून एका मृत प्राण्याचे घराणे ठरले. ध्वनिमुद्रण आता इतिहासाचे साधन झाले होते.

१४/१५
याच साधनाने पुढे अधिक गंभीर साक्ष दिली. २००४ मध्ये ‘जे’ आणि त्याच्या दोन आप्त कळपांची १९७७ पासूनची ध्वनिमुद्रणे तपासली गेली. ऑर्का पाहायला येणाऱ्या नौकांची संख्या १९९० नंतरच्या दशकात सुमारे पाचपट झाली होती. २००१ ते २००३ च्या मुद्रणांत, नौका जवळ असताना, हाका लांबलेल्या आढळल्या. जुन्या मुद्रणांत हा फरक नव्हता. २००९ च्या अभ्यासात दिसले, की गोंगाट जितका वाढतो तितकाच हे प्राणी आपला आवाज चढवतात.

१५/१५
गंगेतील डॉल्फिनला हा मार्गही अवघड आहे. २००९ मध्ये तो भारताचा राष्ट्रीय जलचर ठरला. त्याची गंगा १९८६ पासून राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ आहे. बिहारमध्ये झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, यांत्रिक नौकांच्या आवाजाने त्याचे क्लिक झाकोळतात, शरीरावरचा ताण दुपटीहून अधिक होतो आणि पाणी उतरलेल्या दिवसांत हे आणखी वाढते. उपाय अशक्य नाही. २०१७ मध्ये ‘जे’ कळपाच्या हारो सामुद्रधुनीत व्यापारी जहाजांनी स्वेच्छेने वेग कमी करण्याचा प्रयोग झाला आणि पाण्याखालचा गोंगाट मोजण्याइतका घटला. ‘जे’ आणि त्याच्या आप्त कळपांत आज शंभराहूनही कमी ऑर्का उरले आहेत. मोबी डॉलची बोली बोलणारा ‘जे’ कळप त्याच पाण्यात अजून ऐकू येतो.