विश्लेषण : ‘दक्षिणावर्ती’ म्हणून विकला जाणारा शंख खरा की परदेशी गोगलगायीचा?

‘दुर्मीळ दक्षिणावर्ती शंख, घरात लक्ष्मी नांदेल’ अशा रील्स आणि ऑनलाइन जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील. किंमत काही हजारांपासून लाखांपर्यंत सांगितली जाते. वाकोल्यातल्या छोट्याशा खोलीतलं देवघर असो किंवा गावाकडचा वाडा, शंख बहुतेक घरांत असतो. पण पूजेचा शंख नेमका कोणत्या प्राण्याचा, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं आणि फसवणूक तिथेच होते.

पूजेचा शंख म्हणजे काय?

शंख हे एका समुद्री गोगलगायीचं कवच आहे. तिचं शास्त्रीय नाव टर्बिनेला पायरम. ‘टर्बिनेला’ ही प्रजाती फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क यांनी १७९९ मध्ये नोंदवली. ‘पायरम’ हे नाव नासपतीवरून आलं, कारण कवचाचा आकार तसा दिसतो. मन्नारचं आखात आणि कच्छचं आखात ही भारतातली तिची प्रसिद्ध ठिकाणं. ती वाळूच्या तळावर राहते आणि समुद्री किडे खाते. याच प्रजातीतल्या इतर गोगलगायी कॅरिबियन समुद्रात आणि ब्राझीलच्या किनाऱ्यावरही सापडतात.

कवच कसं ओळखायचं?

• कवच जाड आणि हाताला जड लागतं.
• जिवंत असताना त्यावर तपकिरी मखमली आवरण असतं. ते काढल्यावर पांढरा शुभ्र शंख दिसतो.
• खालच्या बाजूला पन्हळीसारखी निमुळती नळी असते.
• सर्वात महत्त्वाची खूण तोंडाच्या आत असते. मधल्या दांड्यावर तीन-चार ठळक वळ्या असतात आणि बोट घातलं तर त्या जाणवतात.

‘डावा’ आणि ‘उजवा’ यांत गोंधळ का?

शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरा. तोंड उजवीकडे आलं, तर शास्त्रज्ञ त्याला उजवा म्हणतात. जवळजवळ सगळे शंख असेच असतात. परंपरेत मात्र शंख उलटा, म्हणजे पन्हळीची बाजू वर करून पाहतात. त्यामुळे हाच नेहमीचा शंख ‘वामावर्ती’ ठरतो. परंपरेतला ‘दक्षिणावर्ती’ म्हणजे शास्त्राच्या भाषेत डावा शंख. टर्बिनेला पायरममध्ये तो अत्यंत क्वचित सापडतो.

मग बाजारात इतके ‘दक्षिणावर्ती’ येतात कुठून?

अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर आणि मेक्सिकोच्या आखातात ‘लाइटनिंग व्हेल्क’ नावाची गोगलगाय राहते. तिचं कवच जन्मतःच डाव्या वळणाचं असतं. म्हणजे तिच्यात डावं वळण हाच नियम आहे, अपवाद नाही. टेक्सास राज्याने १९८७ मध्ये ते आपलं राज्य-कवच म्हणून जाहीर केलं. हेच कवच आपल्याकडे ‘दक्षिणावर्ती’ म्हणून विकलं जातं. कवच खरं, पण प्राणी वेगळा आणि दुर्मीळ तर मुळीच नाही.

फरक कसा कळेल?

व्हेल्कच्या मधल्या दांड्यावर वळ्या नसतात, तो गुळगुळीत असतो. पन्हळ लांब असते आणि खांद्यावर अनेकदा गाठी दिसतात. म्हणून विकत घेण्याआधी शंखाच्या तोंडाच्या आतला फोटो किंवा व्हिडिओ मागा. आतला दांडा गुळगुळीत दिसला, तर तो पूजेचा शंख नाही. आतली बाजू दाखवायलाच विक्रेता तयार नसेल, तर पैसे न दिलेलेच बरे.

शंखाचं आपल्याशी नातं किती जुनं?

गुजरातमधल्या नागेश्वर या हडप्पाकालीन स्थळी याच शंखापासून बांगड्या बनवल्या जात होत्या. बंगालमध्ये विवाहित स्त्रिया आजही शंखाच्या बांगड्या घालतात.

श्रद्धा ज्याची त्याची. पण लाखभर रुपये मोजण्याआधी शंखाच्या तोंडात एकदा बोट घालून वळ्या मोजायला काहीच खर्च येत नाही.