परातीवरचं साल १३५५

महालक्ष्म्या चार दिवसांवर आल्या होत्या आणि आरासीला एक उंच समई कमी पडत होती. नव्या समईची किंमत ऐकून आईने मान हलवली, म्हणून मी पाथरीच्या बाजारात मोड घेणाऱ्या भांड्यांच्या दुकानात गेले. दर्शनी बाजूला स्टीलचे डबे लखलखत होते. मागे पोत्यांत जुनं पितळ होतं: चेपलेले तांबे, चरव्या, कान तुटलेलं घंगाळ, झाकण हरवलेले डबे.

समई मिळाली नाही. एका पोत्यात परात सापडली. काठावर छिन्नीने ठिपके मारून अक्षरं काढली होती. एका बाईचं नाव, पुढे 'हिस मामाकडून' आणि 'सन १३५५'.

"सहा-सातशे वर्षांची आहे, ताई. म्युझियमला द्या," दुकानदार काका हसत म्हणाले.

इसवी सन १३५५ म्हणजे बहमनी राज्य स्थापन होऊन जेमतेम आठ वर्षं. ही परात इतकी जुनी असणं शक्यच नव्हतं. उत्तर घरी आजोबांच्या जमिनीच्या कागदांत मिळालं. तिथेही तेराशेची सालं होती. ते फसली साल. पिकांच्या हंगामाशी जोडलेलं हे महसुली वर्ष मुघल काळापासून चालत आलं आणि निजामाच्या हैदराबाद संस्थानात सरकारी कागदांवर तेच चालायचं. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतं. १३५५ म्हणजे १९४५-४६. जगात दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं, आणि १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मोकळा व्हायला अजून दोन-तीन वर्षं होती.

तेव्हा इथला पैसाही वेगळा होता. संस्थानाचा हाली सिक्का आणि ब्रिटिश भारताचा कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार. कचेरीची भाषा उर्दू, आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणही उर्दूतून. अशा काळात कोण्या मामाने भाचीच्या लग्नात परात घेतली आणि तिच्यावर मराठीत नाव घालून घेतलं. साल मात्र सरकारी. भाचीला ते वाचता येत होतं का, कोण जाणे. त्या पिढीतल्या बहुतेक बायांना अक्षरओळख नव्हती. पण ती परात आपली आहे हे तिला पक्कं माहीत असणार.

मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण २०२३ साली मराठवाड्यात निजामकालीन नोंदी शोधायला सरकारने समिती नेमली तेव्हा आम्हीही जुने कागद बाहेर काढले होते. आमच्या कागदांत पणजोबा, त्यांचे भाऊ, चुलते, सगळे सापडले. पणजी कुठेच नाही. जमीन पुरुषांच्या नावावर, बाईच्या नावावर भांडी. आणि कागद कचेरीच्या कपाटात राहिले, भांडी मोडीत गेली.

ती का गेली, हे आजीला विचारलं. ती म्हणाली, "आधी बहात्तरनं नेली, मग स्टीलनं." १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या, माणसं खडी फोडायला गेली, तेव्हा घरात विकण्यासारखं जे होतं ते पितळ आणि तांबं. जे उरलं ते पुढच्या वर्षांत स्टीलने नेलं. पितळेला दर काही महिन्यांनी कल्हई लागते, नाही तर आंबट कळकतं. चिंच आणि राख लावून घासताना हात फुटतात. स्टीलला यातलं काही नको. त्यामुळे बायांनी पितळ आनंदाने दिलं, यात मला काही चूक दिसत नाही. फक्त सौदा एका बाजूचा होता. मोडीत वजनाचे पैसे मिळतात, त्यातूनही तूट कापतात. घडणावळ मिळत नाही आणि नावाचं तर मोलच नाही.

गंमत म्हणजे जुन्या ठेव्यासाठी लढाई झालेलं हेच गाव. अहमदनगरच्या निजामशाहीचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते, असं इतिहासकार फिरिश्ता सांगतो. बुऱ्हाण निजामशहाने वऱ्हाडच्या इमादशहाकडे पाथरी मागितली, बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला. तो नाही म्हणाला, तेव्हा १५१८ मध्ये फौज पाठवून घेतली. सुलतानाला वाडवडिलांचं गाव हवं होतं. आम्ही पणजीची घागर किलोवर दिली.

काकांच्या दुकानात फळीवर दोन पितळी मुखवटे फडक्यात बांधून ठेवलेत. महालक्ष्म्यांचे. घर विकून कोणी शहरात गेलं, तिथे बसवणं जमेना, म्हणून आले. काका ते भट्टीला पाठवत नाहीत आणि गिऱ्हाईकही घेत नाही, दुसऱ्याच्या घरच्या लक्ष्म्या कोण आणणार? "दरवर्षी या दिवसांत पुसून ठेवतो," एवढंच ते म्हणाले. मुखवट्याला जो मान आहे तो परातीला नाही. पण पुरणाची कणीक त्या परातीतच मळली गेली असणार.

परात मी मोडीच्याच भावात घेतली. बाईचं नाव इथे लिहीत नाही, आडनाव गावातलंच आहे. आजीने ती चिंचेने घासली, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि मग स्वतःची भांडी मोजायला लागली: मावशीची कळशी, थोरल्या भावाचं तपेलं, आत्याचा पानाचा डबा. साठ वर्षांपूर्वी कोणी काय दिलं ते तिला तोंडपाठ होतं. मी मोबाईल काढून तिची यादी लिहून घेतली. अठरा भांडी झाली. त्यातलं एकही आज घरात नाही.

ज्येष्ठा नक्षत्राच्या दिवशी ती परात लाडू-करंज्यांनी भरून महालक्ष्म्यांपुढे ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात गेले. पोती अजून भट्टीला गेली नव्हती. काकांना विचारलं, भांडी घेत नाही, नुसते नावांचे फोटो काढू का? त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. संध्याकाळपर्यंत एकतीस नावं झाली. सत्तावीस बायांची होती.