कपिलधारची कार्तिकी पहाट आणि मराठी वाङ्मयेतिहास

मध्ययुगीन मराठी काव्यात निसर्गवर्णन तोकडे आहे, हा अभिप्राय वाङ्मयेतिहासात इतक्या सहजतेने वावरत आला आहे की त्यामागील कसोटीचा शोध घेण्याची गरज फारशी कोणाला भासलेली नाही. ही कसोटी केशवसुत-बालकवींच्या कवितेने रुजविलेली आहे: निसर्गासमोर एकट्याने उभा असलेला पाहणारा ‘मी’ तिने गृहीत धरलेला असतो. बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या माळावर मात्र ती अपुरी पडते.

कार्तिकी पौर्णिमेला मांजरसुंब्याजवळ कपिलधार येथे मन्मथस्वामींच्या समाधीची यात्रा भरते. मराठवाड्यातून आणि सीमेपलीकडील कर्नाटकातून वीरशैव भाविकांच्या दिंड्या पायी येतात. मुक्काम अंधारातच हलतो. दऱ्यांत धुके साचलेले, माळावरचे पिवळे पडू लागलेले गवत दवाने जड झालेले. आणि पौर्णिमेच्या पहाटे पश्चिमेकडे मावळता चंद्र व पूर्वेकडे उगवते बिंब. पुढची पताका धुक्यात दिसेनाशी झाली तरी अभंगाचा आवाज वाट दाखवितो. ‘चाल’ या मराठी शब्दाचे पायाचे आणि गळ्याचे असे दोन्ही अर्थ येथे एकवटतात.

मन्मथस्वामींच्या ‘परमरहस्य’ या ओवीबद्ध ग्रंथात हा डोंगर शोधणाऱ्याच्या हाती फारसे काही लागणार नाही. शिव-पार्वती संवादाच्या रूपाने वीरशैव तत्त्वविचार सांगणे हे त्याचे प्रयोजन आहे. प्रदेशाचा अनुभव संहितेत नव्हे, तर तिच्या सामूहिक प्रयोगात जपला गेला आहे. वाङ्मयेतिहासाने प्रयोगाला साधन मानले नाही, म्हणून त्याला हा अनुभव दिसलाही नाही.

याला ऐतिहासिक कारणे आहेत. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला गेला तो मुख्यतः पुण्या-मुंबईत, आणि तेथील संशोधक या मुलखाकडे वळले ते पोथ्यांसाठी. राजवाड्यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेली ज्ञानेश्वरीची प्रत बीडच्या पाटांगणातलीच. त्या संशोधनाचे मोल निर्विवाद आहे. पण पोथी हाती आली की प्रदेशाचे काम संपले, अशी सवयही त्याने लावली. याच डोंगररांगेतील अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१-१६१५) आपल्या प्रचंड ग्रंथसंभारामुळे इतिहासात ठळक झाले. मन्मथस्वामी बहुधा ‘वीरशैव वाङ्मय’ या वेगळ्या प्रकरणात राहिले. (पंथनिहाय प्रकरणे पाडण्याची ही सोय कोणाच्या सोयीची, हाही एक प्रश्नच.)

मात्र पदयात्रेचे उदात्तीकरण करून भागणार नाही. दिवाळीनंतरच्या याच दिवसांत, याच थंडीत, बालाघाटातील गावे ऊसतोडीसाठी रिकामी होऊ लागतात. मुकादमाची उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी हिशेबात ‘एक कोयता’ म्हणून धरली जाते. पूर्वी बैलगाड्यांनी, आता ट्रक-ट्रॅक्टरने या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात. त्यांच्या वाटेवरही धुके तेच असते. दिंडीच्या पहाटेला निदान अभंगांची परंपरा आहे. या दुसऱ्या पहाटेची गाणी कोणत्या प्रकरणात घालायची, हे मराठी वाङ्मयेतिहासाने अजून ठरविलेले नाही.