ठिगळ लावणाऱ्यांचा इतिहास



एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली हे आपण सगळेच शाळेत शिकलो. मूळ ग्रंथ शके १२१२ चा. मधल्या जवळजवळ तीनशे वर्षांत नकलाकारांच्या हातून पाठ बिघडत गेले. नाथांनी ते पारखून नीट केले आणि यापुढे कुणी यात आपली ओवी घालू नये, अशी ताकीदही देऊन ठेवली. दुसऱ्याच्या कृतीला हात कुणी लावावा, किती लावावा आणि कुठे थांबावे, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

आज हा प्रश्न मी संगणकावरच्या खेळांच्या निमित्ताने मांडणार आहे. हसू नका! नातवामुळे या विषयाची ओळख झाली, पुढे मीच वाचत गेलो, आणि लक्षात आले की इथेही नकलाकार आहेत, पाठभेद आहेत, शुद्धिपत्रे आहेत आणि भांडणेही आहेत.

हे खेळ भुयारातले. चारसहा शूरांची टोळी किंवा एकटा वीर अंधाऱ्या भुयारात उतरतो, राक्षस मारतो, धन गोळा करतो आणि खोल खोल जात राहतो. १९८१ साली अमेरिकेत अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड या कॉर्नेल विद्यापीठाच्या दोघांनी 'विझर्ड्री' नावाचा असा खेळ केला आणि सर-टेक या कंपनीने तो विकला. त्यात नकाशा मिळत नसे. खेळणाऱ्याने ग्राफपेपर घेऊन एकेक चौकोन भरत स्वतः काढायचा. आमच्या विद्यार्थ्यांना ग्राफपेपर म्हटला की घाम फुटायचा, आणि तिकडे मुले हौसेने रात्रभर तेच करत बसत!

या खेळात मरण सहजासहजी पुसता येत नसे. वीर मेला की त्याची नोंद लगेच फ्लॉपीवर होई, आदल्या जागेवरून पुन्हा सुरू करण्याची सोय नव्हती. साहजिकच वर्षदीड वर्षात फ्लॉपीवरचे आकडे बदलून मेलेल्याला जिवंत करणारे, दुबळ्याला बलवान करणारे प्रोग्राम बाजारात आले. सर-टेकला ते मुळीच आवडले नाही. अशा प्रोग्रामांमुळे खेळाचा तोल बिघडतो, असा इशारा कंपनीने ग्राहकांना दिला. कंपनीचे म्हणणे मला तरी पटते, कारण हरण्याची भीती काढून घेतली की जिंकण्यात काय उरले? पण दुसरी बाजूही आहे. पैसे मोजून आणलेली फ्लॉपी माझी, तिच्यावर काय लिहायचे ते मी ठरवणार. हा वाद अजून मिटलेला नाही.

याच्या उलट, मूळ वस्तूला हात न लावता शेजारी बसून मदत करणारी साधने पुढे आली. १९८८ च्या 'पूल ऑफ रेडियन्स'पासून एसएसआय कंपनीने जी मालिका काढली, तिला खोक्याच्या रंगावरून 'गोल्ड बॉक्स' म्हणतात. फ्लॉपीत जागा कमी, म्हणून कथेतले काही उतारे सोबतच्या पुस्तिकेत छापलेले असत आणि पडद्यावर 'अमुक क्रमांकाचा उतारा वाचा' अशी सूचना येई. पुढे एका चाहत्याने 'गोल्ड बॉक्स कम्पॅनियन' हे साधन केले. खेळ चालू असताना ते संगणकाच्या स्मृतीत डोकावते आणि शेजारच्या खिडकीत नकाशा काढून दाखवते. मला हे साधन गाइडापेक्षा टीपाकारासारखे वाटते. मूळ श्लोक मध्ये, टीका समासात.

तिसरा प्रकार दुरुस्तीचा. इंग्रजीत तिला 'पॅच' म्हणतात, म्हणजे आपले ठिगळ. पूर्वी संगणकाच्या सूचना भोके पाडलेल्या कागदी पट्टीवर असत. चूक सापडली की तेवढा भाग कापून नवा तुकडा खरोखरच चिकटवावा लागे. शब्द तिथून आला. २००३ साली ट्रॉयका कंपनीचा 'टेम्पल ऑफ एलिमेंटल ईव्हिल' हा खेळ बऱ्याच चुकांसह बाजारात आला आणि २००५ मध्ये कंपनीच बंद पडली. आता दुरुस्त कोण करणार? 'सर्कल ऑफ एट' या नावाने एकत्र आलेल्या चाहत्यांनी ते काम अंगावर घेतले आणि वर्षानुवर्षे ठिगळे लावली. कंपनीने गाळलेला काही मजकूरही परत आत आणला. मालक गेल्यावर गळके छप्पर शेजाऱ्यांनी शाकारावे, तसे हे झाले.

पण मला सर्वांत जवळची वाटली ती चौथी परंपरा. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियात 'रोग' हा खेळ झाला. त्यात चित्रे नाहीत, नुसती अक्षरे, पण भुयार दर वेळी नवे. त्याची मूळ संहिता, म्हणजे ज्यात खेळ लिहिला ते पान, लोकांना मिळत नव्हते. तेव्हा १९८२ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या एका शाळेतल्या जे फेनलासन या विद्यार्थ्याने मित्रांच्या मदतीने तसाच खेळ स्वतः लिहिला, 'हॅक'. शाळेतली मुले हो! ॲमस्टरडॅमच्या आंद्रीस ब्रॉवर यांनी तो वाढवून १९८४ मध्ये सर्वांसाठी खुला केला आणि १९८७ मध्ये त्यातून 'नेटहॅक' निघाला. नेटहॅकच्या मूळ मंडळींनी २००३ नंतर थेट २०१५ मध्ये नवी आवृत्ती काढली. मधली बारा वर्षे चाहत्यांनीच ठिगळे लावत खेळ जागता ठेवला, आणि त्यातली काही ठिगळे नव्या आवृत्तीने आपलीशी केली.

तशीच गोष्ट 'डंजन क्रॉल'ची. लिनली हेन्झेल यांनी १९९७ मध्ये तो खुला केला आणि पुढे दुसऱ्यांच्या हाती सोपवला. काही वर्षांनी काम मंदावले. त्या काळात दर्शन शाळिग्राम यांनी त्याला एक ठिगळ लावले. भुयारात आधी पाहिलेल्या जागी परत जायचे तर एकेक पाऊल टाकावे लागे, ते थोडक्या कळा दाबून होऊ लागले. शाळिग्राम हे आडनाव मराठी वाचकाला पोवाड्यांमुळे ओळखीचे आहे. ॲकवर्थसाहेबांबरोबर शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ऐतिहासिक पोवाडे जमवून १८९१ मध्ये छापले होते. २००६ मध्ये दर्शन शाळिग्राम आणि एरिक पायपर यांनी क्रॉलची नवी शाखा सुरू केली, तिचे नाव 'स्टोन सूप'. नाव एका युरोपीय लोककथेवरून. भुकेला वाटसरू गावात दगड उकळत ठेवतो, 'सार छान होतेय, जरा मीठ असते तर...' म्हणतो, आणि कुणी मीठ, कुणी गाजर, कुणी कांदा आणून घालतो. शेवटी सगळे गाव जेवते.

मात्र गावजेवण म्हटले की रुसवेफुगवे आलेच. या मंडळींचे धोरण असे की ज्यात डोके लागत नाही, नुसता कंटाळा आहे, ते काढून टाकायचे. २०२१ च्या आवृत्तीत वीराची भूक आणि अन्न हा भागच त्यांनी काढला. ज्यांना असे बदल रुचले नाहीत, त्यांनी आपापल्या वेगळ्या शाखा काढल्या. परवानगी खुली असल्यामुळे त्यांना कुणी अडवू शकत नव्हते.

इथे मला आमच्या अक्राणीतल्या कथा आठवतात. धडगावच्या डोंगरपाड्यांत भिल्ल आणि पावरा घरांतल्या म्हाताऱ्या माणसांनी एकच कथा सांगितली, तरी दोघांची सारखी नसते. तिथे शुद्ध प्रत नाही आणि चोरीही नाही. पण सांगणारा गेला की त्याची कथाही त्याच्याबरोबर जाते.

मग नाथांची ताकीद खरी की डोंगरातली मोकळीक? मला वाटते, ठिगळ लावणाऱ्याने तीन गोष्टी पाळाव्यात. मूळ प्रत जपावी. काय बदलले ते लिहून ठेवावे. आणि आपले ठिगळ दुसऱ्याला उसवता येईल असे ठेवावे. स्टोन सूपवाल्यांनी प्रत्येक बदलाची नोंद ठेवली आहे, म्हणून भूक हवी असणाऱ्याला जुनी आवृत्ती आजही खेळता येते. नाथपूर्व म्हणवणारी ज्ञानेश्वरीची एक प्रत राजवाड्यांनी १९०९ मध्ये छापली, तेव्हा केवढा खल झाला! नाथांपुढे कोणकोणते पाठ होते, त्यातले कोणते त्यांनी सोडले, याची टीप असती तर अभ्यासकांचे किती कष्ट वाचले असते.

या पोरांनी ती टीप ठेवली. ज्याला आपण वेळ घालवणे म्हणतो, त्यात ग्रंथ सांभाळण्याची शिस्त चाळीस वर्षांत अशी रुजली. घरातली मुले रात्री खेळत बसलेली दिसली, तर रागावण्याआधी एकदा विचारा, 'यात दुरुस्ती कुणी केली रे?' उत्तर मिळाले तर मलाही कळवा.

असो. फार लांबले.