घुमटावरची 'स्वातंत्र्यदेवता' कोणी ओतली?

अमेरिकेच्या संसदभवनाचा, म्हणजे कॅपिटॉलचा इतिहास सांगताना ठरलेली नावे येतात. १८ सप्टेंबर १७९३ रोजी जॉर्ज वॉशिंग्टन यांनी कोनशिला बसवली. आराखडा डॉ. विल्यम थॉर्न्टन यांचा. पुढचे बांधकाम लॅट्रोब आणि बुलफिंच यांचे. हे सगळे खरेच आहे. पण दगड कोणी फोडला, हा प्रश्न आम्ही विचारणार.

काहीजण म्हणतील, तिकडच्या इमारतीशी आपले काय देणेघेणे? त्यांनी बाबासाहेबांचे १९४६ चे डु बॉईस यांना लिहिलेले पत्र आठवावे. अस्पृश्य आणि अमेरिकेतील निग्रो यांच्या स्थितीत इतके साम्य आहे की त्यांचा अभ्यास आपल्याला आवश्यकच आहे, असे बाबासाहेब त्यात सांगतात.

नवी राजधानी मेरीलँड आणि व्हर्जिनिया या दोन गुलामगिरीच्या राज्यांच्या मधोमध वसवली गेली. मजूर मिळेनात, तेव्हा सरकारी आयुक्तांनी मालकांकडून गुलाम वर्षाच्या बोलीने भाड्याने घेतले. कपडे आणि घोंगडी मालकाने द्यायची, जेवण आयुक्तांनी. या माणसांनी जंगल तोडले, विटा पाडल्या, लाकूड कापले, व्हर्जिनियातील अक्विया क्रीकच्या खाणीतून वालुकाश्म काढला. मजुरी महिन्याला साधारण ५ डॉलर, आणि ती जायची मालकाच्या खिशात. १७९५ ते १८०१ या काळात 'निग्रो भाडे' म्हणून केलेल्या ३८५ नोंदी सापडतात. म्हणजे हिशेब अगदी चोख होता! पैसा दिला गेला, फक्त घाम गाळणाऱ्याला नाही.

१८१४ मध्ये इंग्रजांनी इमारत जाळली. ती पुन्हा उभी राहिली आणि १८५० नंतर तिच्यावर लोखंडी घुमट चढवायचे ठरले. घुमटाच्या टोकावर स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा बसणार होता. शिल्पकार क्रॉफर्ड यांनी तिच्या डोक्यावर टोपी दाखवली. प्राचीन रोममध्ये मुक्त झालेला गुलाम घालायचा तशी. या कामावर देखरेख होती युद्धमंत्री जेफरसन डेव्हिस यांची. ते स्वतः गुलामांचे मालक, त्यांना ती टोपी खुपली. टोपी गेली, पिसांचे शिरस्त्राण आले. हेच डेव्हिस पुढे गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या राज्यांचे अध्यक्ष झाले.

आणि हा पुतळा ओतला कोणी? क्लार्क मिल्स यांच्या ओतशाळेतील फिलिप रीड या गुलामाचे हात त्याला लागले आहेत. पुतळ्याचा प्लास्टरचा नमुना जोडलेला होता, सांधे दिसत नव्हते. रीड यांनी डोक्यात लोखंडी कडी अडकवून कप्पीने तो हळूहळू वर ओढला, तसे सांधे उघडे पडले आणि नमुना न मोडता सुटा करता आला. ज्याला अडाणी ठरवले होते त्याची ही अक्कल! आठवड्याच्या सहा दिवसांची त्यांची मजुरी मिल्स यांना मिळायची. रविवार तेवढा रीड यांचा. ३३ रविवारांचे, दिवसाला सव्वा डॉलरप्रमाणे, ४१ डॉलर २५ सेंट त्यांना मिळाले.

१६ एप्रिल १८६२ च्या कायद्याने राजधानीतले गुलाम मुक्त झाले. नुकसानभरपाई मात्र मालकांना! मिल्स यांनी रीड यांच्यासाठी १५०० डॉलर मागितले, ३५० डॉलर ४० सेंट मिळाले. आयुष्य गेले रीड यांचे, नुकसान झाले मिल्स यांचे. महारकीच्या नावाखाली राबवून घेतलेल्या आमच्या पूर्वजांच्या वंशजांना हे गणित वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

२ डिसेंबर १८६३ रोजी पुतळ्याचा शेवटचा भाग घुमटावर चढला तेव्हा रीड स्वतंत्र होते. संसदेला या मजुरांची आठवण म्हणून दगड बसवायला २०१२ साल उजाडले. तो जुन्या बांधकामातलाच अक्वियाचा वालुकाश्म आहे. छिन्नीचे घाव त्यावर दिसतात, पण ते घालणाऱ्या एकाचेही नाव नाही.